धागा: प्रत्येक नगावर पुढचा नंबर मशीननेच कोरायचा, फानुकवर मॅक्रो कसा बसवावा?

मकरपुरा_मिलिंग
मंडळी, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं संगणकी मिलिंग मशीन), कंट्रोल म्हणजे ते चालवणारा संगणक फानुक ०आय-एमएफ, स्पिंडल ८००० आरपीएम. जॉब म्हणजे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची कव्हर प्लेट, ४०० नग, फिक्श्चरवर एका वेळी दोन (प्रोग्रॅममध्ये पहिली जागा जी५४, दुसरी जी५५). प्रत्येक नगावर वेगळा पाच आकडी नंबर हवा, २४००१ ते २४४००. उंची ३ मिमी, खोली ०.२.

कॅम सॉफ्टवेअरमधून कोरायचा प्रोग्रॅम निघतो, पण एकाच नंबराचा. ऑपरेटरने दर नगाला प्रोग्रॅम उघडून आकडा बदलायचा म्हटलं तर दुपारच्या चहापर्यंतच घोळ होईल. नंबर आपोआप पुढे सरकवणारा मॅक्रो (हिशेब करणारा प्रोग्रॅम) कसा लिहायचा? आणि मधेच रीसेट दाबलं गेलं तर नंबर चुकू नये म्हणून काय करतात? टूल म्हणून ६० डिग्रीची, ०.१ टोकाची बर (कोरायचं टोकदार टूल) आणली आहे.

टर्नर_तात्या
नंबर पंचाचा संच आणि अर्ध्या किलोची हातोडी. २००० ठोके, काम फत्ते.

कोलेट३२
तात्या, प्लेट फिनिश झालेली आहे. पंच ठोकला की भोवती धातू वर येतो, पातळ प्लेट असेल तर मागे फुगवटा दिसतो, आणि पाच आकडे एका ओळीत आले तर पेढे वाटावे लागतात. ओबडधोबड कास्टिंगवर पंच ठीक, इथे नको.

सावलीरोड
एक्सेलमध्ये २४००१ पासून यादी करायची, तिथूनच ४०० प्रोग्रॅम बनवून पेनड्राइव्हवर टाकायचे. मॅक्रोची कटकट नाही.

जी९०भक्त
@सावलीरोड, ४०० फायलींतून बरोबर फाइल कोण उचलणार? एक फाइल दोनदा लागली की दोन नगांवर एकच नंबर. मशीनला मोजता येतं, मोजू दे.

मकरपुरा, आधी एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ टाकून चालवायचा मोड) #५००=२४००१ टाकून बघा. अलार्म आला नाही तर कस्टम मॅक्रो आहे. व्हेरिएबल ५०० च्या पुढचंच घ्या, ते मशीन बंद केलं तरी टिकतं. १०० च्या घरातलं वीज गेली की रिकामं होतं, आणि पॅरामीटर ६००१ चा सहावा बिट शून्य असेल तर नुसत्या रीसेटनेही जातं.

या फोरमवर रोमन अक्षरं चालत नाहीत, म्हणून कोड देवनागरीत देतोय. मशीनवर टाकताना परत रोमनमध्ये करून घ्या. इक्यू म्हणजे ‘बरोबर’, जीटी म्हणजे ‘पेक्षा मोठं’, #० म्हणजे रिकामं.

मुख्य प्रोग्रॅममध्ये (एच म्हणजे उंची, एफ म्हणजे फीड, टूल सरकण्याचा वेग; मॅक्रोत एक्स #२४, वाय #२५, झेड #२६, एच #११ आणि एफ #९ होतो):

जी६५ पी९०१० एक्स१०. वाय५. झेड-०.२ एच३. एफ१२०.

आणि मॅक्रो:

ओ९०१०
इफ [#५०० इक्यू #०] गोटू ९१
इफ [#५०० जीटी ९९९९९] गोटू ९२
#३०=#११/६
#३१=#२४
#३२=१००००
व्हाइल [#३२ जीटी ०.५] डू१
#२९=फिक्स[[#५००+०.५]/#३२]
#२९=#२९-फिक्स[[#२९+०.५]/१०]*१०
जी९० जी०० एक्स#३१ वाय#२५
झेड०.५
एम९८ पी[८०००+#२९]
#३१=#३१+६*#३०
#३२=#३२/१०
एंड१
जी९० जी०० झेड५०.
#५००=#५००+१
एम९९
एन९१ #३०००=९१(नंबर रिकामा)
एन९२ #३०००=९२(नंबर संपला)

प्रत्येक आकडा म्हणजे एक सबप्रोग्रॅम, ओ८००० ते ओ८००९. आकड्याची चौकट ४ घरं रुंद आणि ६ घरं उंच, सुरुवात खाली डाव्या कोपऱ्यातून. एक घर म्हणजे #३०, तेव्हा ३ मिमी उंचीला ०.५. नमुन्याला सातचा आकडा:

ओ८००७
जी९१ जी०० वाय[६*#३०]
जी९० जी०१ झेड#२६ एफ[#९/२]
जी९१ एक्स[४*#३०] एफ#९
एक्स[-३*#३०] वाय[-६*#३०]
जी९० जी०० झेड०.५
एम९९

बाकीचे नऊ याच धर्तीवर. उंची बदलायची झाली तर फक्त एच बदला, आकडा त्या प्रमाणात लहानमोठा होतो. पाच आकड्यांची लांबी ३ मिमी उंचीला १४ मिमी भरते, तेवढी सपाट जागा आहे ना ते आधी बघा.

दांडियाबाजारकर
‘जीटी ०.५’ वाचून क्षणभर वाटलं ग्रँड ट्रंक रोडवर आलो. माझ्या मशीनला मराठी शिकवावी म्हणतो, निदान अलार्म तरी समजतील.

कोलेट३२
अलार्म तेव्हाही समजणार नाहीत.

वाघोडियाकर
जी९०भक्त, आकड्यात ०.५ मिळवून मग भागायचं कारण काय? नवीन वाचणाऱ्याला ते विचित्र वाटेल.

जी९०भक्त
कंट्रोल आत दशांशात हिशेब करतो. जिथे उत्तर नेमकं ३ यायला हवं तिथे कधीकधी २.९९९९९९९ येतं. फिक्स दशांशामागचं सगळं उडवतो, हातात २ राहतो आणि प्लेटवर चुकीचा आकडा पडतो. अर्धा मिळवला की काठावरचा आकडा खाली घसरत नाही, आणि खरा आकडा बदलतही नाही. जुन्या कंट्रोलवर अचूकता साधारण आठ आकड्यांचीच असते, म्हणून नंबर दहाबारा आकडी असेल तर दोन व्हेरिएबलमध्ये तोडायचा, बॅच #५०१ मध्ये आणि अनुक्रम #५०० मध्ये.

आणि एक. आकड्यांच्या सबप्रोग्रॅमला एम९८ नेच बोलवायचं. सवयीने कुणी जी६५ लिहिलं तर लोकल (त्या मॅक्रोपुरत्या) व्हेरिएबलांची नवी पाटी उघडते, #३० तिथे रिकामं असतं, रिकामं गुणिले सहा म्हणजे शून्य. #२६ ही रिकामं, म्हणून झेड खाली जात नाही. टूल हवेत एका जागी उभं राहतं आणि ऑपरेटर म्हणतो कोरलं नाही. एम९८ मध्ये वरच्याच पाटीवरची व्हेरिएबलं दिसतात.

जी६५ च्या ओळीत दशांश बिंदू विसरू नका. एक्स१० म्हणजे कंट्रोलच्या भाषेत ०.०१० मिमी.

टर्नर_तात्या
हातोडीला दशांश बिंदू लागत नाही.

तपासनीसताई
तात्यांना चहा द्या कोणीतरी.

मॅक्रो चांगला आहे, पण ‘#५००=#५००+१’ ही ओळ जिथे ठेवलीय तिथे एक खोच आहे. कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो, आणि मॅक्रोची ओळ वाचली की लगेच करून टाकतो, टूल अजून चालत असलं तरी. साध्या मोडमध्ये एक-दोन ओळी पुढे, एआय कंटूर (बऱ्याच ओळी पुढचं वाचून वेग ठरवणारा मोड) चालू असेल तर कितीतरी जास्त. शेवटचा आकडा अर्धा झालेला असताना ऑपरेटरने रीसेट दाबलं तर नग अर्धवट आणि काउंटर पुढे. पुन्हा सायकल मारली की २४०१७ च्या वर २४०१८ कोरला जातो.

उपाय म्हणजे वाढवायच्या ओळीआधी असा एम कोड टाकायचा जिथे पुढचं वाचन थांबतं. एम०० आणि एम०१ ला ते मुळातच थांबतं. एम०१ (ऑप्शनल स्टॉप, म्हणजे बटण चालू असेल तरच थांबणं) टाका. ऑप्शनल स्टॉप बंद असला तरी वाचन थांबतं, मशीन मात्र थांबत नाही.

जी९०भक्त
मान्य. झेड५०. च्या पुढे एम०१, मग वाढ. दुरुस्ती करून घ्या.

वाघोडियाकर
ताई, एम०१ मध्ये एक फट राहते. पहिला नग तपासायला ऑपरेटरने ऑप्शनल स्टॉप चालू ठेवलेला असतो. मशीन एम०१ ला थांबतं, तो नग बघतो, समाधान झालं म्हणून रीसेट दाबून नग काढतो. वाढ झालीच नाही. पुढच्या नगावर तोच नंबर.

त्यापेक्षा पॅरामीटर ३४११ मध्ये एखादा एम कोड लिहा. ३४११ ते ३४२० यांत लिहिलेल्या एम कोडनंतर कंट्रोल पुढचं वाचत नाही. मशीनला ओळखीचाच कोड घ्या, नाहीतर पीएमसीकडून (मशीनचे स्विच सांभाळणारा भाग) ‘झालं’ असा निरोप परत येत नाही आणि मशीन तिथेच ताटकळतं. ३४११ मध्ये ९ लिहून एम०९ वापरला तर सोपं पडतं. कूलंट बंद होतंच, शेवटी हवं तेच.

तपासनीसताई
हे एम०१ पेक्षा बरं. मागे घेते.

मकरपुरा_मिलिंग
टूलबद्दल कोणीच बोललं नाही. ०.१ टोक चालेल ना? स्पीड-फीड काय ठेवू?

स्पिंडलवाला
०.१ चं टोक ३०४ मध्ये पहिल्या काही नगांतच तुटेल. ०.२ घ्या, सिंगल लिप कार्बाइड, कोटिंगवाली.

रुंदीचं गणित: टोक + २ × खोली × अर्ध्या कोनाचा टॅन. ६० डिग्रीला टॅन ३० म्हणजे ०.५७७, म्हणून ०.२ + २ × ०.२ × ०.५७७ = ०.४३ मिमी. ३ मिमी उंचीच्या आकड्याला रेघ उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी असली की डोळ्यांना बरी दिसते, इथे बरोबर जमतंय. ९० डिग्रीची बर घेतली तर रेघ ०.६ होते, ८ आणि ६ ची पोटं भरून येतात.

८००० आरपीएमला ०.४३ व्यासावर कटिंग स्पीड जेमतेम ११ मीटर पडतो. म्हणून स्पिंडल पूर्ण ठेवा, कमी करायचा विचार नको. फीड दाताला ०.०१५ धरलं तर १२० मिमी प्रति मिनिट. खाली उतरताना अर्धं, ६०. जी९०भक्तांनी तेच धरलंय.

३०४ ला फीड कमी करून लाड करू नका. टूल कापण्याऐवजी घासतं, पृष्ठभाग कडक होतो, आणि पुढच्या आकड्यावर टोक जातं. टोक तुटतं त्याचं सर्वांत मोठं कारण रनआउट, म्हणजे फिरताना टूल मध्यापासून डगमगणं. ०.४ मिमीच्या कापाला ०.०३ रनआउट म्हणजे एका बाजूलाच सगळा मार. कोलेट (टूल पकडणारी बाही) आणि नट धुऊन, टूल कमीत कमी बाहेर ठेवून, डायलने ०.०१ च्या आत आणा.

कोलेट३२
+१. ईआर कोलेटच्या खाचेत एक बारीक चिप अडकली तरी ०.०२ जातात. रॉकेलमध्ये ब्रश मारून, हवेने फुंकून मगच बसवा.

सावलीरोड
०.२ एका पासमध्ये की ०.१ चे दोन?

स्पिंडलवाला
माझं मत एका पासमध्ये. दोन पासमध्ये दुसरा पास आधीच्या कडक थरावर चालतो आणि वेळ दुप्पट. मात्र शेवटी त्याच खोलीवर एक मोकळा पास घेतला तर काठावर उभी राहणारी धातूची बर (टूलची नव्हे) बरीच जाते.

वाघोडियाकर
इथे असहमत. टोक तुटण्याची भीती असेल तर ०.१२ आणि मग ०.२ चालतं, फक्त दुसऱ्या पासचं फीड पहिल्याएवढंच ठेवायचं, कमी नाही. आणि मोकळ्या पासमध्ये टूल घासतंच की, मग तुमचाच नियम तुम्ही मोडताय.

स्पिंडलवाला
मोडतोय खरा. बरची अडचण नसेल तर मोकळा पास सोडा.

दांडियाबाजारकर
बर काढायची जुनी युक्ती: आधी ०.३ खोल कोरा, मग फेसिंगचा (पृष्ठभाग सपाट करायचा) शेवटचा ०.१ चा कट मारा. बर कापून जाते, काठ लखलखीत.

तपासनीसताई
युक्ती चांगली, पण मग कोरकाम मधे येतं आणि त्यानंतर एखादं भोक चुकलं तर नंबर वाया जातो. नंबर नेहमी शेवटच्या ऑपरेशनला, नग पास होणार याची खात्री झाल्यावर. बर स्कॉचब्राइटने पुसा, किंवा प्रोग्रॅममध्येच नायलॉन ब्रश घाला. हाताने पॉलिश पेपर मारलात तर सगळीकडे ओरखडे आणि गिऱ्हाइकाची कटकट.

मकरपुरा_मिलिंग
काही नगांवर रेघ पातळ आणि काहींवर जाड येईल का? प्लेट कापून आणलेली, जाडीत ०.१ चा फरक आहे.

स्पिंडलवाला
येणारच. झेड ०.१ ने हलला तर ६० डिग्रीच्या टूलला रेघ ०.११५ ने बदलते. ०.४३ ची ०.३१ किंवा ०.५४ होते, नुसत्या डोळ्याने ओळखू येतं. तीन वाटा आहेत.

नंबरची जागा आधी ६ मिमीच्या एंडमिलने ०.१ फेस करून घ्या. झेड झिरो कटरनेच तयार होतो, सगळ्या नगांवर रेघ सारखी. १४ × ३ मिमीचा आकडा, भोवती २ मिमी सोडून पट्टी १८ × ७ ची, दहाबारा सेकंदांत होते.

प्रोब (टेकवून मोजणारं टोक) असेल तर जी३१ ने त्याच जागेला टेकवून, #५०६३ मधून झेड वाचून ऑफसेट करा. प्रोब महाग, पण असेल तर बिनकामाचा का ठेवायचा.

तिसरी वाट म्हणजे स्प्रिंगवाला कोरक होल्डर. टोक पृष्ठभागावर दाबून चालतं, जाडीचा फरक स्प्रिंग खाते. उघड्या कास्टिंगवर तोच बरा. मात्र खोली स्प्रिंगच्या दाबावर ठरते, ०.२ ची हमी देत नाही.

टर्नर_तात्या
म्हणजे हातोडीच की, स्प्रिंगवर बसवलेली.

लेसरप्रेमी
सगळं वाचलं. फायबर लेसर का नाही? २० वॅटच्या मशीनवर पाच आकडे काही सेकंदांत होतात, सॉफ्टवेअर स्वतः नंबर पुढे सरकवतं, टोक तुटत नाही.

कोलेट३२
लेसरची खूण ३०४ वर काळी दिसते, पण ०.२ खोली मागितली तर तेच लेसर मिनिटं घेतं. शिवाय नग तिकडे न्यायचा, जिग, परत आणायचं. ज्याच्याकडे घरचं आहे त्याला ठीक.

इथल्या खर्चाचा अंदाज: ३ मिमीच्या आकड्याची रेघ सरासरी ९ मिमी, १२० फीडला साडेचार सेकंद. खाली उतरणं पाऊण सेकंद. पाच आकडे सव्वीस-सत्तावीस सेकंद, टूल बदलणं धरून ३५. मशीनचा ताशी दर ५०० धरला तर नगाला पावणेपाच ते पाच रुपये. ४०० नगांना जवळपास चार तास. डॉट पीन मशीन (ठिपके ठोकून नंबर काढणारं) हा मधला मार्ग, रोज हजारो नग असतील तर.

सावलीरोड
नंतर पेंट किंवा गॅल्व्हनायझिंग आहे का ते विचारून घ्या. हॉट डिपचा (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) थर जाड पोलादावर ८५ मायक्रॉनच्या आसपास बसतो आणि खाचेत जास्त साचतो. लेसरची खूण तिथे गायब होते, ०.२ ची रेघही अंधूक. तिथे ०.४ आणि रुंद रेघ.

मकरपुरा_मिलिंग
३०४ आहे, नुसतं पॅसिव्हेशन (गंज रोखायची रासायनिक प्रक्रिया). मग ०.२ पुरेल.

तपासनीसताई
प्लेट कशावर बसते तेही बघा. व्हॉल्व्ह, फ्लँज, फिटिंगच्या खुणांना एमएसएस एसपी-२५ आहे. नियम तुमच्या जॉबला लागू असो वा नसो, गॅस्केट बसते त्या फेसवर काहीही कोरायचं नाही. व्ही आकाराची खोल रेघ म्हणजे ताणाला आमंत्रण, म्हणून दाबाखालच्या पातळ भागावर कोरू नये, जाड कडेवर किंवा परिघावर कोरावं.

वाघोडियाकर
परिघावर कोरायचं असेल तर रोटरीवर दोन आकड्यांमधलं अंतर अंशात बदलावं लागतं: ३६० × अंतर ÷ (३.१४१६ × व्यास). व्यास १२० आणि अंतर ३ मिमी असेल तर २.८६ अंश. सी अक्षवाल्या (जॉब फिरवणाऱ्या) टर्निंग सेंटरवर जी०७.१ ची सिलिंड्रिकल सोय असेल तर तीही वापरता येते, मॅक्रोत एक्सच्या जागी सी.

दांडियाबाजारकर
विषयांतराची माफी. नंबर इंग्रजी आकड्यांतच का कोरायचे? सयाजीराव महाराजांच्या काळातले बडोद्याचे तांब्याचे पैसे काढून बघा, मशीनवर पाडलेले, वरचं संवत देवनागरी आकड्यांत. तेही कोणीतरी डायमध्ये उलटं कोरलं असणार. आणि १८९० ला कलाभवन सुरू झालं तेव्हापासून या गावात धातूचं शिक्षण मिळतंय. ५ आणि ८ ची देवनागरी सबप्रोग्रॅम लिहितं का कोणी?

जी९०भक्त
लिहायला हरकत नाही. देवनागरी ५ ला दोन कमानी आणि एक शेपूट, ८ मात्र अगदी सोपा, एका वक्रात होतो. ९ मात्र पाच वेळा बदलावा लागेल, कारण प्रत्येकाचा ९ वेगळा.

टर्नर_तात्या
सेव उसळच्या टोकनवर छान दिसतील.

लेसरप्रेमी
आकडे नुसत्या सरळ रेघांनी, डिजिटल घड्याळासारखे केले तर? सात रेघा, कोणती चालू कोणती बंद एवढंच. दहा सबप्रोग्रॅमऐवजी एकच.

तपासनीसताई
६ आणि ८ मध्ये एकाच रेघेचा फरक राहतो. एक रेघ तेलाने, रंगाने भरली की ८ चा ६ होतो. नंबर वाचताना घोटाळा नको असेल तर गोल आकडेच लिहा, जी०२ आणि जी०३ ने. ४ आणि ७ चे कोपरे टोकदार ठेवा. १ ला वर छोटी तिरकी रेघ द्या, म्हणजे उभी रेघ आणि १ वेगळे दिसतील. प्लेट गोल असेल तर ६ आणि ९ उलटे वाचले जाऊ शकतात, म्हणून नंबराच्या खाली एक रेघ. इंग्रजी ‘बी’ अक्षराला ८ समजण्याची शक्यता असेल तर अक्षरं नकोतच.

सावलीरोड
फानुकऐवजी हास कंपनीचं मशीन असेल तर एवढं करावंच लागत नाही. जी४७ पी१ (####) लिहिलं की क्रमांक आपोआप पुढे जातो. सिमेन्सला सायकल६० आहे, हायडेनहाइनला सायकल २२५.

कोलेट३२
आहे फानुक, सांगतोय हास. गुजरातीत ‘चालशे’ (चालेल) म्हणावं का आता?

मकरपुरा_मिलिंग
वा, मॅक्रो एमडीआयमध्ये चालवून पाहिला, बरोबर आकडे येतायत. एक लक्षात आलं: ड्राय रन आणि मशीन लॉकमध्येही #५०० पुढे सरकतं. आता मुख्य प्रश्नाकडे परत. अर्ध्यात रीसेट झालं, नग तसाच फिक्श्चरमध्ये आहे किंवा काढून टाकला, मशीनला कसं कळणार?

तपासनीसताई
मशीनला कळत नाही, म्हणून माणसाला थांबवायचं. वाढ कोरण्याआधी केली तर नंबर गळू शकतो, नंतर केली तर दुबार होऊ शकतो. गळलेला नंबर रजिस्टरात ‘रद्द’ लिहिला की मिटतो. दुबार नंबर मिटवता येत नाही, एक नग गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला असतो. पण आधी वाढवली आणि त्याच नगावर पुन्हा सायकल मारली तर जुन्या अर्ध्या नंबराच्या वर नवीन येतो, तोही चालणार नाही.

वाघोडियाकर
म्हणून एक निशाणी ठेवायची, #५१०. मॅक्रोच्या सुरुवातीला:

इफ [#५१० इक्यू १] गोटू ९३
#५१०=१

आणि शेवटी, झेड५०. वर गेल्यानंतर:

एम०९
#५००=#५००+१
#५१०=०
एम९९
एन९३ #३०००=९३(आधीचा नग अर्धवट)

पुढच्या सायकलला निशाणी १ असेल तर ३०९३ अलार्म. ऑपरेटर नग बघतो. तोच अर्धवट नग अजून जागेवर असेल तर #५१० शून्य करून तोच नंबर पुन्हा कोरायचा, त्याच खाचेत टूल जातं. नग काढला असेल तर #५०० मध्ये एक मिळवून मग #५१० शून्य, आणि रजिस्टरात तो नंबर रद्द. व्हेरिएबल बघायला ऑफसेटच्या स्क्रीनवरून मॅक्रो पानावर जायचं.

जी९०भक्त
छान. ९००० च्या पुढचे प्रोग्रॅम पॅरामीटर ३२०२ च्या चौथ्या बिटने कुलूपबंद करा, म्हणजे कोणी सबप्रोग्रॅमच्या ओळी ‘सुधारत’ नाही. ८००० च्यांना शून्यावा बिट. आणि जी६५ ची ओळ लांब वाटत असेल तर पॅरामीटर ६०५० मध्ये १४७ लिहा, ओ९०१० नुसत्या जी१४७ ने चालतो.

मकरपुरा_मिलिंग
दोन जागांचं काय? जी५४ वर नग आहे आणि जी५५ रिकामी, शेवटच्या फेरीत तसं होईल. रिकाम्या जागेवर नंबर जाईल.

जी९०भक्त
४०० सम आहे, पण एखादा नग बाद झाला की होईलच. जी५५ आधी स्लॅश लावून ब्लॉक स्किप (बटणाने ओळ गाळायची सोय) वापरू नका. पुढच्या ओळी आधीच वाचून झालेल्या असल्या तर बटण उशिरा दाबलेलं लागू होत नाही. #५११ ठेवा, १ म्हणजे दुसरी जागा भरलेली, आणि कॉलआधी इफ [#५११ इक्यू ०] गोटू पुढे.

तपासनीसताई
दोन मशीनवर हाच जॉब वाटला तर मॅक्रोत +२ करा, एका मशीनला विषम, दुसऱ्याला सम. पण ही वाटणी आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दोन्ही मशीनवर २४००१ पासून सुरू.

आणि बॅटरी. कंट्रोलची मेमरी बॅटरी संपली की ५०० ची सगळी व्हेरिएबलं जातात. म्हणूनच ‘रिकामा’चा अलार्म पहिल्याच ओळीत आहे, नाहीतर ००००० कोरलं गेलं असतं. बॅट असा इशारा दिसला की मशीन चालू ठेवूनच बदला. दर शिफ्टच्या शेवटी #५०० चा आकडा फळ्यावर लिहा.

मकरपुरा_मिलिंग
फळा आहे. ०.२ ची बर मागवली, ६० डिग्री. एम०९ चं ३४११ मध्ये टाकलं, ४२ वा नग मधेच थांबवून पाहिला, ३०९३ आला, निशाणी शून्य करून तोच नंबर त्याच खाचेत पुन्हा कोरला गेला. रेघ थोडी जाड आली, म्हणजे ०.४३ ऐवजी ०.४७ च्या आसपास.

स्पिंडलवाला
दुसऱ्यांदा गेलेलं टूल खाचेच्या दोन्ही काठांना लागतं, रनआउट तिथे दिसतो. अर्धवटाच्या नगावर खोली न बदलता चालेल, पण कोलेट पुन्हा तपासा.

टर्नर_तात्या
हातोडीने पुन्हा ठोकला असता तर दोन आकडे दिसले असते. हरलो.